शाळेचे दार उघडले, भाषेचे दार कोणी लावले?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, अग्रलेख आले, पुढाऱ्यांचे फलक लागले. त्याच दिवशी, त्याच निर्णयाने पालीलाही हा दर्जा मिळाला. विहारात आपण ज्या भाषेत त्रिशरण-पंचशील घेतो ती पाली. तिच्यासाठी चौकाचौकात फलक लागलेले मी तरी पाहिले नाहीत. असो. आजचा मुद्दा फलकांचा नाही. मुद्दा असा की, या सगळ्या आनंदात 'मराठी म्हणजे कोणाची मराठी?' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

वस्तीतले पोर शाळेत जाते आणि 'पानी' म्हणते. वर्ग हसतो. शिक्षक दुरुस्त करतात, 'पानी नाही, पाणी म्हण.' पोर पुढे आठवडाभर हात वर करत नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने अशी पोरे पाहिली आहेत. त्या पोराला व्याकरण कळत नाही. आपली आई जे बोलते ते चुकीचे, एवढेच त्याला कळते.

आता गंमत पाहा. संस्कृतात शब्द आहे 'पानीय', त्यात 'न'. पालीतही 'पानीय', त्यातही 'न'. महाराष्ट्री प्राकृताने त्या 'न'चा 'ण' केला आणि मराठीत 'पाणी' आले. म्हणजे ज्या संस्कृतचा दाखला देऊन मराठीची शुद्धता मोजली जाते, तिच्या जवळचा उच्चार त्या हसू झालेल्या पोराचाच आहे. 'पाणी' चूक आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही उच्चार शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी आहेत. वऱ्हाडात 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, तेही तसेच. मग एक शुद्ध आणि दुसरे गावंढळ हे कशावरून ठरले? भाषेवरून नव्हे, बोलणाऱ्यावरून ठरले. आणि हे ठरण्याला तारखा आहेत, माणसे आहेत, खाती आहेत.

पेशवाई बुडाली आणि मुंबई इलाख्यात सरकारी शाळा निघू लागल्या, तेव्हा छापील मराठी नावाची वस्तू जवळजवळ नव्यानेच घडवावी लागली. शाळेला पुस्तके हवी, पुस्तकांना एकसारखी भाषा हवी, भाषेला कोश आणि व्याकरण हवे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची भाषा तपासली जाऊ लागली. हे गोरे अधिकारी कोणाला विचारून मराठी ठरवत होते? त्यांच्या हाताखाली पुण्या-मुंबईचे शास्त्री होते. शेतकऱ्याला, बलुतेदाराला, महार-मांगाला 'तू काय म्हणतोस?' असे विचारायला टेबलापाशी बसवलेले नव्हते. अशा रीतीने एका शहरातल्या एका जातीच्या घरात बोलली जाणारी भाषा साऱ्या महाराष्ट्राची 'प्रमाण' भाषा झाली. एक प्रमाण भाषा असण्याचा व्यवहारात फायदा असतो, हे मान्य. हा लेखही मी त्याच भाषेत लिहितो आहे. पण सोयीसाठी ठरवलेली गोष्ट हळूहळू लायकीचे माप बनली, तिथे आपला आक्षेप आहे.

याच काळात पुण्यात दुसरी शाळा चालू होती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली आणि त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या शाळेतली मांग समाजातली एक मुलगी, मुक्ता साळवे. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्राच्या दोन अंकांत छापून आला. शाळेत जाऊन फार वर्षे झाली नव्हती, वय चौदाच्या आसपास. त्या पोरीने काय लिहिले? गाय हा विषय तिने घेतला नाही, पावसाळाही घेतला नाही. तिने विचारले की, वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, म्हणजे आम्हाला धर्मच नाही काय? पेशवाईत आपल्या माणसांना इमारतीच्या पायात गाडले जाई, हे तिने लिहिले. बाळंतपणात अंगावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल लिहिले. आणि आपल्या लोकांना सांगितले की, या रोगावर औषध आहे आणि ते ज्ञान आहे.

साक्षरता म्हणजे अक्षरओळख, ही सरकारी व्याख्या. मुक्ताच्या शाळेची व्याख्या वेगळी होती. अक्षर हाती आल्याबरोबर ते स्वतःच्या जगण्याला लावायचे, आणि आपल्याला ज्याने अक्षरापासून दूर ठेवले त्यालाच पहिला प्रश्न विचारायचा. पाठांतराच्या शाळेतून असा निबंध येत नाही. तो येतो तेव्हा समजावे, शिक्षकाने मुलीची भाषा दुरुस्त करण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घेतले होते.

मुक्ताचा निबंध छापला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारचे म्हणणे पडले की, एकट्या मुलासाठी बाकीच्यांची शाळा ओस पाडणे बरोबर नाही. पुढे लंडनहून 'शाळा सर्वांना खुल्या' असे धोरण आले, पण कागदावर. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात हा सगळा इतिहास आकड्यांनिशी मांडला आहे. १८८१-८२ साली मुंबई इलाख्यातल्या मिडल स्कूलमध्ये अस्पृश्य वर्गातले विद्यार्थी होते अवघे १७. हायस्कूलात शून्य, कॉलेजात शून्य. ते निवेदन आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे.

म्हणजे पहिले दार जातीचे. ते कायद्याने उघडावे लागले आणि उघडायला पाऊण शतक लागले. पण आत गेलेल्या मुलासाठी दुसरे दार उभे होते आणि त्याला कुलूप दिसत नव्हते. ते दार जोतीरावांनी सर्वात आधी ओळखले.

१८६९ साली त्यांनी 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा छापला. नावच बोलके आहे. शाळा सरकारची, पैसा शेतकऱ्याच्या लोकल फंडाचा आणि वर्गात बसलेला पंतोजी स्वतःच्या जातीच्या मुलांना एक वागणूक देतो, शूद्रांच्या मुलांना दुसरी. कुठल्या मुलाकडे पाहायचे, कुणाचे ऐकायचे, कुणाला 'तुला जमणार नाही' म्हणायचे, हे सगळे पंतोजीच्या हाती. आज शिक्षणशास्त्रात ज्याला 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात तो तात्यासाहेबांनी डफावर गाऊन दाखवला, तोही दीडशे वर्षांपूर्वी.

आणि मग आले विष्णुशास्त्री चिपळूणकर. 'मराठी भाषेचा शिवाजी' म्हणून स्वतःकडे पाहणारे. 'निबंधमाले'त त्यांनी जोतीरावांच्या पुस्तकांचा आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा समाचार घेतला. 'गुलामगिरी' १८७३ साली आली होती. तिच्यातला मुख्य सवाल होता की, या देशात शूद्रातिशूद्रांना कोणी आणि कसे गुलाम केले? त्याला उत्तर देता आले असते. चिपळूणकरांनी काय केले? व्याकरण काढले. शब्द चुकला, वाक्यरचना चुकली, लिहिणाऱ्याला मराठी येत नाही, अशी टवाळी केली. ही युक्ती लक्षात ठेवा मित्रांनो, कारण ती अजून चालू आहे. आपल्या पोराने फेसबुकवर अत्याचाराबद्दल पोस्ट लिहिली की, खाली पहिली कमेंट ऱ्हस्व-दीर्घाची येते.

जोतीरावांना 'शुद्ध' लिहिता येत नव्हते का? ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, 'गुलामगिरी'ची प्रस्तावना त्यांनी इंग्रजीत लिहिलेली. त्यांनी ती भाषा जाणून निवडली होती. त्यांच्या पुस्तकांची बांधणी पाहा. 'गुलामगिरी' म्हणजे धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, धोंडिबा पुन्हा शंका काढतो. शिवाजी महाराजांवरचा पोवाडा गाण्यासाठी. अखंड म्हणण्यासाठी. 'तृतीय रत्न' तर नाटकच. त्यांचा वाचक कोण होता? बहुतेक वेळा वाचक नव्हताच, श्रोता होता. गावात एकाला वाचता येई आणि पारावर वीसजण ऐकत. जोतीराव कानासाठी लिहीत होते, चिपळूणकर डोळ्याने तपासत होते. कानाला अनुस्वार दिसत नाही, पण खोटे बोलणे लगेच कळते.

'तृतीय रत्ना'ची गोष्ट तर आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. १८५५ साली लिहिलेले हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. नाटकात एक कुणबी जोडपे आहे. बाई गरोदर आहे. जोशी त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडतो. बाबांनो, इथे फसवणुकीचे हत्यार काय आहे? पंचांग. म्हणजे वाचता येणे. एकाला वाचता येते, दुसऱ्याला येत नाही, आणि जे वाचले ते खरे की खोटे हे दुसऱ्याला तपासता येत नाही. नाटकाच्या शेवटी ते नवरा-बायको जोशाला मारायला धावत नाहीत. ते फुल्यांच्या रात्रशाळेत जायचे ठरवतात. मराठीत आधुनिक काळात लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी एक, आणि त्याचा शेवट शाळेच्या वाटेवर होतो. ते नाकारणाऱ्या कमिटीला त्यात वाङ्मयीन गुण दिसले नसतील, हे समजण्यासारखे आहे!

१९ ऑक्टोबर १८८२. हंटर कमिशनपुढे जोतीराव निवेदन देतात. सक्तीचे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत, ही मागणी सगळ्यांना पाठ आहे. भाषणात आपण तेवढेच सांगतो. पण त्यातला अभ्यासक्रम नीट वाचा. मोडी आणि बालबोध, दोन्ही लिप्या वाचता-लिहिता याव्यात. हिशेब यावा. सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे. मोडी का? कारण कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत. सावकाराचे खत मोडीत. सातबाऱ्याच्या आधीच्या जगात शेतकऱ्याची जमीन मोडीतल्या एका फराट्याने जात होती. 'शेतकऱ्याचा असूड' वाचलेल्याला हे वेगळे सांगायला नको. ज्या लिपीत तुमची मान अडकवली जाते, ती लिपी आधी शिका, असा तो साधा हिशेब होता. आणि दुसरी मागणी शिक्षकांची. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, जे मुलांत मिसळतील, ज्यांना त्यांच्या गरजा आणि बोलणे समजेल. जोतीरावांनी पुस्तक बदला एवढेच म्हटले नाही, पुस्तकामागे उभा राहणारा माणूस बदला असे म्हटले.

तीन वर्षांनी, १८८५ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा पुण्यात भरणार होती. जोतीरावांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्याचा सारांश असा: जे लोक माणसांचे हक्क खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळत नाही, आमच्या लोकांची दुःखे दुरून लिहिणाऱ्यांना कळणार नाहीत. त्या सभेची परंपरा आजच्या साहित्य संमेलनांपर्यंत येते. दरवर्षी संमेलन आले की आपल्यातला कोणी बोलावला, कोणी नाही, यावर वाद घालणाऱ्यांनी ते पत्र जरूर वाचावे.

बाबासाहेबांच्या घरातली अक्षरे दुसऱ्या वाटेने आली, लष्कराच्या. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीतल्या त्या शाळांनी महार घरांत पहिल्यांदा वाचणारे आई-बाप तयार केले. गोपाळबाबा वलंगकरही लष्करातूनच निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. म्हणजे लिहिता येऊ लागताच पुन्हा तेच, मुक्ताने केले तेच.

पण शाळेतले दुसरे दार भीमरावांनाही चुकले नाही. हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते. शिक्षकाने अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९१२ साली बी.ए. झाले तेही इंग्रजी आणि फारसी घेऊन. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या हिंमतीवर केला. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ आला, तेव्हा 'याला संस्कृत येत नाही, याला काय अधिकार?' ही हाकाटी होणार हे त्यांना माहीत होते. प्रस्तावनेतच त्यांनी उत्तर दिले आहे. आवश्यक ते बहुतेक सगळे साहित्य इंग्रजी भाषांतरात उपलब्ध आहे आणि ते मी पंधरा वर्षे अभ्यासले आहे. पाहा, ज्या घराचे पुढचे दार बंद केले होते त्यात ते इंग्रजीच्या दाराने शिरले आणि घराचा पायाच तपासून आले. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितले होते ते काही साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे.

म्हणून आपल्यातले जे मित्र 'मातृभाषा की इंग्रजी' या वादात अडकतात, त्यांना माझे सांगणे आहे की हा आपला वादच नाही. फुल्यांनी मोडीही मागितली, बालबोधही मागितली आणि स्वतः इंग्रजीही वापरली. बाबासाहेबांनी ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि पत्रे मराठीत काढली: ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. पण भाषेवर कोणाची मक्तेदारी आहे हे बाबासाहेबांनी कधी मान्य केले नाही. 'मूकनायक'ला त्यांनी तुकोबा घेतले, 'बहिष्कृत भारत'ला ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. आणि आतले लेख वाचा. शास्त्रार्थाची मराठी, वकिलाची मराठी, मधेच गावातल्या म्हणीचा टोला. प्रस्थापितांची भाषा त्यांनी त्यांच्यापेक्षा चांगली लिहिली आणि आपल्या माणसांशी बोलताना ती बाजूलाही ठेवली.

भाषेचा आणखी एक पदर आहे, तो म्हणजे आपल्याला कोणत्या शब्दाने हाक मारली जाते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारने कायद्यात 'हरिजन' हा शब्द घालायचे ठरवले. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला, आमचे नाव ठरवणारे तुम्ही कोण, हा त्यातला सवाल होता. सभागृहाने ऐकले नाही आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद बाबासाहेबांसह उठून बाहेर पडले. १९५६ नंतर आपण बौद्ध झालो, तर सरकारी कागदाने शब्द काढला 'नवबौद्ध'. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत मिळत नव्हत्या. म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पण मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. पहिलीत नाव घालताना बापाला गुरुजींपुढे काय सांगायचे याचा विचार करावा लागे. फीची सवलत हवी तर जुना शब्द, नव्या धम्माचा मान ठेवायचा तर सवलत गेली. शाळेच्या रजिस्टरातला एक रकाना, पण त्यात एका पिढीची ओढाताण आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) लेखकाच्या आतला 'दगडू' भेटतो. दगडू, धोंडू, कचरू ही नावे मास्तराने हजेरी घेताना रोज मोठ्याने उच्चारली जात होती, हे विसरू नका.

त्या हजेरीत वाढलेल्या पोरांनी पुढे मराठीचे काय केले, हे सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. निजामाच्या राज्यात जिथे शिक्षण उर्दूतून होते, त्या मराठवाड्यातल्या खेड्यांतून पहिल्या पिढीची मुले तिथे आली. त्याच आवारातून डॉ. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'ची चळवळ उभी राहिली. १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' आला, १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा'. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि त्यांना काही शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. मराठीतल्या एका मोठ्या लेखकाला मराठी कवितेतल्या शब्दांचा अर्थ विचारावा लागतो! आजवर अर्थ विचारायची पाळी आपल्यावर होती.

आणि तरीही वर्गातले पोर अजून हात वर करत नाही. कारण साहित्यात जे जिंकले ते शिक्षकाच्या प्रशिक्षणात आले नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली चार वाढून अठरा झाले. ते लेखनाचे नियम आहेत, ते मुलांनी शिकावेत. परीक्षेत, अर्जात, कोर्टात ते लागतात आणि न शिकण्याचा तोटा आपल्यालाच होतो. पण लेखनाचा नियम बोलणाऱ्या तोंडावर लावायचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला? 'तू घरी पानी म्हणतोस, वहीत पाणी लिही' हे सांगायला एक मिनिट लागते आणि त्यात कोणाची आई खोटी ठरत नाही.

आपल्याकडे एक शाळा अशी आहेच. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. संध्याकाळी माणसे जमतात. वाचणारी बरेचदा आठवी-नववीची मुलगी असते आणि ऐकणाऱ्यांत तिची आजी, जिला सही करता येत नाही. मुलगी जड शब्दावर अडखळते, कोणी हसत नाही. वाचन थांबवून आजी विचारते, 'म्हंजी काय गं?' मग मुलीला तो शब्द आजीच्या भाषेत सांगावा लागतो. सांगताना तिला स्वतःला तो पहिल्यांदा नीट कळतो. ज्या बाबासाहेबांना संस्कृत शिकवले गेले नाही, त्यांनी आयुष्याच्या शेवटी पालीचे व्याकरण आणि कोश तयार करायला घेतला होता. ते साहित्य त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात आहे.

यंदाच्या वर्षावासात अभ्यासिका चालवणाऱ्या मित्रांनी एक संध्याकाळ मुक्ता साळवेच्या निबंधासाठी ठेवावी. नेटवर तो मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याची भाषा 'सुधारून' टाकलेली आहे. शोधून जुना पाठ मिळवा आणि तिने लिहिला तसाच, तिच्या शब्दांत, वर्गातल्या सर्वात गप्प मुलीला मोठ्याने वाचायला द्या.